मागच्या सीटवर तासभर बसा, मग गाडी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका ताईंच्या घरी मोठी सेडान घ्यायची आहे. मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची ५ सिरीज, दोन्ही लाँग व्हीलबेस (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेल्या), इथवर निवड आली आहे. गाडी ड्रायव्हर चालवणार. यजमान रोज पीथमपूरला कारखान्यात जातात, त्यांना कंबरेचा त्रास आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एका गुडघ्याची वाटी बदललेली. दोन-तीन महिन्यांतून एकदा सगळे लेकीकडे पुण्याला जातात. शोरूममध्ये दोन्ही गाड्या सारख्याच छान वाटल्या, तर आतला आराम आणि टेक्नॉलॉजी पारखायची कशी?

ताई, शोरूममध्ये दोन्ही सारख्याच वाटणार. तिथे एसी चालू असतो, फरशी सपाट असते आणि आपण पाच मिनिटं बसून उठतो. पाच मिनिटांच्या बसण्यात मऊ सीट नेहमी बाजी मारते. मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या आतल्या कामात आहे. त्यातली पहिली अकरा वर्षं सीट बनवण्यात गेली, पुढची इथल्या लोकांना गाड्या पारखून देण्यात. मऊ सीट तासाभरानंतर काय करते ते मी फोम कापताना शिकलो. अंगाचं वजन बसायच्या दोन हाडांवर येतं. वरचा थर मऊ आणि खालचा आधार कच्चा असेल तर ती हाडं रुततात, कमरेखालचा भाग मागे कलतो आणि पाठीची नैसर्गिक कमान मोडते. पहिल्या अर्ध्या तासात याचा पत्ता लागत नाही. मग माणूस कूस बदलायला लागतो, हात टेकून थोडा वर उठतो, पुन्हा बसतो. मी घड्याळ लावून ही चुळबुळ मोजतो. पाऊण तासानंतर दर दोन-तीन मिनिटांनी माणूस हलत असेल, तर ती सीट त्याच्यासाठी नाही, मग तिचं लेदर कितीही उंची असो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की ज्याला जिथे बसायचं आहे त्यानं तिथेच, आणि तासभर, बसून बघायचं. तुमच्या घरी गाडी मागच्या सीटवरून ठरायला हवी आणि तिथला पहिला कौल सासूबाईंचा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलेलो आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांसाठी मी एक महागडी सेडान पाहिली. स्टिअरिंगवर बसून बायपासला दोन चकरा मारल्या, गाडी सुरेख चालली, मी होकार दिला. मागे मी बसलोच नव्हतो. गाडीला वीस इंची चाकं होती, टायरची बाजू जेमतेम चार बोटं. चार महिन्यांनी त्यांच्या वडिलांनी मागे बसणं सोडून दिलं, ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसू लागले, कारण मागच्या चाकाचा प्रत्येक दणका थेट त्यांच्या मणक्यात जात होता. ज्यांच्यासाठी एवढी मोठी गाडी घेतली, तेच मागे बसेनात. ते मला आजही लागून राहिलं आहे.

आता तुमच्या दोन गाड्या. दोन्ही २०२४ मध्ये भारतात आल्या, ५ सिरीज जुलैत आणि ई-क्लास ऑक्टोबरात. येताना एक्स-शोरूम किमती अनुक्रमे ७२.९ लाख आणि ७८.५ लाखांपासून होत्या. बीएमडब्ल्यूचा व्हीलबेस ३,१०५ मिलिमीटर आहे, मर्सिडीजचा ३,०९४. म्हणजे फरक सव्वा सेंटिमीटरचासुद्धा नाही. एवढ्या फरकावरून कोणी तुम्हाला जागेचं गणित सांगत असेल तर ते सोडून द्या. गुडघ्यापुढे जागा दोन्हींत भरपूर आहे. जागा तिथे नाही, दुसरीकडे मोजायची असते.

ती मोजायला मी शिंप्याची टेप बरोबर नेतो. पहिलं माप सीटच्या पुढच्या कडेपासून खालच्या मॅटपर्यंत. हे कमी असेल तर गुडघे वर येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळा भार बुडावर येतो. ज्यांची बॅटरी फरशीखाली असते अशा इलेक्ट्रिक सेडानमध्ये हे जास्त होतं, कारण फरशीच वर आलेली असते. दुसरं माप सीटच्या खोलीचं. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेत एक मूठ मावली पाहिजे. सासूबाई उंचीने लहान असतील तर लांब सीट त्यांना काचते, पाय लोंबकळतात. यजमान उंच असतील तर तीच सीट त्यांना अपुरी. ई-क्लासच्या मागच्या सीटची मांडीखालची गादी पुढे सरकते आणि पाठ ३६ अंशांपर्यंत मागे जाते. या सोयीचा तुमच्या घरात खरोखर उपयोग आहे, पण ती घेताय त्या व्हेरिएंटमध्ये आहे का, हे बटण दाबून बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. ५ सिरीजमध्येही तेच करा. मागे काय काय हलतं, किती हलतं, आणि हललेल्या स्थितीत यजमानांच्या कंबरेला नेमका कुठे आधार लागतो ते पाहा. तिसरं माप पुढच्या सीटखाली पाऊल जातं का याचं. ड्रायव्हरने सीट अगदी खाली केली की पावलाची जागा बंद होते, म्हणून सीट त्याच्या रोजच्या उंचीवर लावूनच बघायचं.

आपल्या इंदूरच्या होळकर महाराजांनी, दुसऱ्या यशवंतरावांनी, १९३५ च्या सुमारास अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास बनवून घेतली. तेव्हा गाडी अंगाच्या मापाने बेतता यायची. आज आपण तयार मापातून निवडतो, म्हणून टेप लावायलाच हवी.

चढणं-उतरणं हा तुमच्या घरातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि शोरूममध्ये त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाटी बदललेल्या गुडघ्याला खूप खाली बसणं जड जातं आणि सेडान मुळातच खाली असते. सासूबाईंना घेऊन जा आणि त्या बसताना काय करतात ते नीट पाहा. आधी त्या दाराच्या वरच्या कडेला हात लावतात, मग पाठमोऱ्या होऊन सीटच्या कडेवर टेकतात, मग पाय आत घेतात. हा पाय आत घेतानाचा क्षण महत्त्वाचा. दाराचा उंबरा रुंद असेल तर पाऊल त्याच्यावरून उचलून घ्यावं लागतं आणि साडीचा काठ त्यात अडकतो. मी एका आजींना तीन गाड्यांत असं बसवून पाहिलं होतं. दोन गाड्यांत त्यांना हाताने साडी उचलून पाय धरून आत ओढावा लागला. तिसरीत पाय आपसूक आत गेला. तिन्ही गाड्यांच्या किमती सारख्याच होत्या. उतरताना छतावरचं हॅन्डल हाताशी येतं का, दार पूर्ण उघडतं का आणि उताराला उभ्या गाडीत ते उघडं राहतं का, हेही बघा. तुमच्या घराच्या पोर्चमध्ये दार पूर्ण उघडायला जागा आहे का, तेही एकदा मोजून ठेवा.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवायचा. विक्रेता त्याच्या ओळखीच्या गुळगुळीत रस्त्यावर नेईल. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची धावपट्टी आहे, तिथे भल्या गाड्यांच्या चाचण्या होतात. पण त्याच गावच्या रस्त्यावर, ट्रकांनी दबलेल्या डांबरावर यजमान रोज जातात, आणि गाडीची परीक्षा तिथेच होते. माझा ठरलेला फेरा असा असतो: आधी राजवाड्याच्या बाजूच्या जुन्या वस्तीत, जिथे स्पीडब्रेकर आणि उखडलेले पॅच एकामागून एक येतात. मग राऊवरून महामार्गाला लागून मानपूरच्या घाटापर्यंत आणि परत. दीड-दोन तास जातात. एवढ्या किमतीची गाडी घेणाऱ्याने दोन तास मागण्यात काही गैर नाही, आणि जो डीलर ते द्यायला तयार नाही त्याच्याकडून नंतरच्या सर्व्हिसचीही फार आशा धरू नये.

निघण्यापूर्वी एक काम करा, ते बहुतेक लोक करत नाहीत. टायरमधली हवा तपासायला सांगा आणि ती दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. डेमो गाडीत कित्येकदा हवा जास्त असते. तीन-चार पाउंड जास्त हवेवर चांगली गाडीही दणके देते, आणि आपण दोष सस्पेन्शनला देऊन मोकळे होतो. रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असतील तर त्यांची बाजू मुळातच कडक असते, तेही विचारून घ्या. चाकांचा पर्याय मिळत असेल तर लहान चाक घ्या. मोठं चाक फोटोत शोभतं, पण टायरची उंच बाजू ही सगळ्यात स्वस्त गादी आहे आणि ती खड्ड्यापाशी पहिली कामाला येते. स्टेपनी आहे की नाही, आणि असली तर डिकीत ती ठेवल्यावर पुण्याच्या बॅगा बसतात का, तेही बघून घ्या. रात्री पुण्याच्या वाटेवर सेंधव्याच्या पुढे टायर गेला तर हाताशी स्टेपनी असणं हाच आराम.

मागे बसून दोन वेगवेगळ्या गोष्टी अनुभवायच्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे दणका आणि थरथर. उभ्या हादऱ्यांत माणसाचं धड सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या कंपनाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं. म्हणजे खडबडीत डांबरावरची ती सततची बारीक थरथर यजमानांच्या कंबरेला एखाद्या मोठ्या खड्ड्यापेक्षा जास्त थकवते. दुसरी म्हणजे हेलकावा. गाडी संथपणे, पाच सेकंदांत एकदा अशा गतीने डोलते तेव्हा मळमळ सुरू होते. जिला लोक कौतुकाने ‘जहाजासारखी चालते’ म्हणतात, त्याच गाडीत पुण्याच्या वाटेवरच्या बिजासन घाटाच्या वळणांवर सासूबाईंचा जीव घाबरा होऊ शकतो. म्हणून मानपूरच्या घाटात ड्रायव्हरला त्याच्या नेहमीच्या वेगाने चालवू द्या आणि मागे त्यांना सरळ पुढे बघत बसायला सांगा, मोबाइल नको. कम्फर्ट मोडमध्ये डुलते वाटली तर तोच पट्टा दुसऱ्या मोडमध्ये पुन्हा करा. मी कपहोल्डरमध्ये पाऊण पेला पाणी ठेवतो. थरथरीला पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात, हेलकाव्याला ते एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातं. डोळ्यांनी फरक कळतो आणि दोन गाड्यांची तुलना करता येते.

आवाजाचं म्हणाल तर मीटर लागत नाही. ऐंशीच्या वेगात मागून ड्रायव्हरशी नेहमीच्या आवाजात बोला. ‘पुढच्या पंपावर थांबा’ हे त्याला एकदाच सांगून कळलं तर गाडी शांत आहे. म्युझिक आधी बंद करा, शोरूमची माणसं ते आवर्जून चालू ठेवतात. सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा घुमणारा आवाज येतो, तो डांबरावर कळत नाही, म्हणून फेऱ्यात सिमेंटचा पट्टा असू द्या. आणखी एक, दाराची काच अर्धी खाली करून तिच्या वरच्या कडेकडे निरखून बघा. दोन काचांच्या मधून बारीक रेघ गेलेली दिसली तर ती लॅमिनेटेड काच आहे, आवाज अडवणारी. बऱ्याच गाड्यांत ही काच फक्त पुढच्या दारांना असते. तुम्ही मागे बसणार, तेव्हा मागच्या दाराची कड बघा.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच परीक्षक आहे. जमलं तर मे महिन्यात, दुपारी दोननंतर जा आणि तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी मागा, सावलीतली नको. एसी लावून मागच्या झरोक्याशी हात धरा आणि मागे खरोखर थंड वाटायला किती मिनिटं लागतात ते पाहा. पुढच्यापेक्षा मागचा फार उशिरा थंड होत असेल तर सासूबाईंना तेवढा वेळ तापत बसावं लागणार. काचेचं छत असेल तर त्याचा आतला पडदा लावून डोक्यावर हात ठेवा. पडदा पातळ असेल तर टाळूला ऊब जाणवते. शिवाय अशा छतामुळे डोक्यावरची जागा बोट-दोन बोटं कमी होते, यजमान उंच असतील तर ते सोसवणार नाही. मागच्या दारांना कंपनीचे पडदे हवेतच. नंतर काळी फिल्म लावून घेऊ असा बेत मनात असेल तर तो काढून टाका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हापासून तो रस्त्यावरच्या दंडाचा विषय झाला आहे.

लेदरबद्दल थोडंच सांगतो, कारण लोक यातच नको इतके गुंततात. या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी कृत्रिम लेदर असतं आणि ते वाईट नसतं, पुसायला सोपं असतं. नजर हवी ती शिवणीवर. सीटच्या कडेला, जिथे बसताना-उठताना अंग घासतं, तिथली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. टाके उघडे दिसले तर दोन वर्षांत तिथे सुरकुत्या पडणार. फिकट रंग घेतलात तर जीन्सचा निळा रंग लागतो, निघायला त्रास देतो. आणि सगळ्यात कळकळीने सांगतो, बाजारातलं सीट कव्हर घालू नका. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्याच शिवणीतून बाहेर येते, कव्हर तिच्या आड येतं. हवेशीर सीट असेल तर तिची भोकंही बुजतात. मी स्वतः कव्हरं शिवली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो.

टेक्नॉलॉजी. ई-क्लासमध्ये पुढे पूर्ण रुंदीभर स्क्रीन दिसते, ५ सिरीजमध्ये १४.९ इंची वक्र स्क्रीन. दोन्ही पाहून डोळे दिपतात, पण तुमच्या घरी त्या स्क्रीनसमोर ड्रायव्हर असणार. म्हणून ड्रायव्हरदादांना टेस्ट ड्राइव्हला न्याच. त्यांना शिकवू नका. फक्त सांगा: मागचा एसी दोन अंशांनी वाढवा, समोरच्या काचेवरची वाफ घालवा, पुण्याचा रस्ता लावा, आवाज कमी करा. प्रत्येक वेळी त्यांची नजर रस्त्यावरून किती वेळ हटते ते मोजा. दोन सेकंदांच्या वर जाणारं काम चालत्या गाडीत धोक्याचंच. एसीसारखी रोजची कामं स्क्रीनच्या आत दडवण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांनी धरली होती. युरोपातल्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना वेगळी बटणं किंवा खटके असण्याला गुण ठेवले आहेत, ते याच अनुभवातून.

मागे बसणाऱ्याला स्वतःचा एसी स्वतः वाढवता-कमी करता यायला हवा, पुढे हाक न मारता. ते बटण सासूबाईंनी चष्म्याशिवाय चालवून बघावं. अक्षरं बारीक आणि राखाडी रंगाची असतील, दुपारच्या उन्हात काहीच दिसत नसेल, तर ती सोय कागदावरची. पडदा, सीट, दिवा, ही तीन कामं त्यांना न सांगता जमली पाहिजेत. आवाजाने चालणारी यंत्रणा तुमच्या घरच्या बोलण्यावर तपासा. आपण इंदूरकर एका वाक्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही वापरतो, यंत्राला ते झेपतं का ते तिथेच कळेल.

कॅमेरे मात्र मनापासून घ्या. पाच मीटरहून लांब गाडी जुन्या इंदूरच्या गल्लीत वळवायची तर चहूबाजूंचा कॅमेरा चैन नाही, गरज आहे. रिव्हर्स टाकल्यावर चित्र यायला किती वेळ लागतो आणि रात्री ते किती स्वच्छ दिसतं ते पाहा. लेन सांभाळणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर ती मागच्या सीटवरून अनुभवा. उलट दिशेने येणारी दुचाकी बघून गाडी अचानक ब्रेक मारते तेव्हा मागचा माणूस पुढे फेकला जातो. मागच्यांनी पट्टा लावायची सवय त्यासाठीही हवी. लेनची मदत बंद केल्यावर पुढच्या वेळी गाडी सुरू करताना ती आपोआप चालू होते का, हे विचारून ठेवा, नाहीतर ड्रायव्हरदादा रोज वैतागतील. ऑनलाइन सेवा किती वर्षं फुकट आहेत आणि पुढे त्यांचे पैसे किती, हे लेखी घ्या. डेमो गाडीला फोन जोडला असेल तर उतरण्यापूर्वी तो तिच्या यादीतून काढून टाका, आपल्या सगळ्या ओळखीच्यांचे नंबर तिथे राहून जातात.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी पाहू नका. दुसऱ्या गाडीत बसेपर्यंत अंग थकलेलं असतं आणि दोष तिच्या माथी जातो. एका आठवड्याच्या अंतराने, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, तीच माणसं. परत आल्यावर लगेच काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना विचारा की उठताना कंबर कशी होती, आणि सासूबाईंना विचारा की गुडघा रात्री दुखला का.

तुम्ही विचारलंत म्हणून माझा कल सांगतो. घरातलं मुख्य माणूस मागे बसणारं आणि वयस्क असेल, तर मी आधी ई-क्लास दाखवतो, मागच्या सीटच्या त्या सरकणाऱ्या गादीमुळे आणि कलणाऱ्या पाठीमुळे. यजमान रविवारी स्वतः स्टिअरिंग धरणार असतील तर ५ सिरीजचं पारडं जड होतं. पण हा माझा कल, तुमच्या सासूबाईंचा कौल यापेक्षा वेगळा आला तर तोच खरा धरा. आणि जाताना त्यांची काठी विसरू नका. ती मागे हाताशी कुठे ठेवता येते, ब्रेक लागल्यावर घरंगळते का, उतरताना आधी हाती येते का, हे दोन्ही गाड्यांत बघून मला कळवा.